अंगठ्याने दाबलेली रोपं

२६ ऑगस्ट. काम: सडलेल्या रोपांच्या पिशव्या रिकाम्या करणे.

सकाळी सातला बसले. पिशवी उलटी करायची, बुडाला थाप मारायची, माती एका ढिगावर, प्लास्टिक दुसऱ्या ढिगावर, आणि मधे जे सापडेल ते खड्ड्यात. मधे सापडत होतं ते स्ट्रॉबेरीचं रोप. पंधरा दिवसांपूर्वी ते रोप होतं. आता बोटांत धरलं की मऊ लागत होतं, तपकिरी, आणि शिळ्या पेजेसारखा आंबूस वास. पहिल्या शंभर पिशव्यांपर्यंत मी प्रत्येक रोप उलटून पालटून बघितलं. मग बघणं सोडलं.

आमची नर्सरी साकोलीच्या अलीकडे, हायवेला लागून. पुढे रोपं, मागे घर. आंब्याची कलमं, लिंबू, सागाची रोपं, गुलाब, मोगरा, हे सगळं माझ्याकडे. स्ट्रॉबेरी तेवढी माझ्या जाऊबाईंची. त्या माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. माझा नवरा एस.टी. चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी. म्हणजे नर्सरी आम्हा दोघींचीच. सुरुवातीलाच आमचं एक ठरलं होतं: एकीच्या कामात दुसरीने हात घालायचा नाही. त्यामुळे वीस वर्षांत आमचं भांडण असं झालं नाही. आणि त्याचमुळे वीस वर्षांत मी स्ट्रॉबेरी शिकले नाही.

भंडारा जिल्ह्यात स्ट्रॉबेरी म्हटलं की लोक हसतात. हा धानाचा मुलूख. मे महिन्यात इथे कावळासुद्धा दुपारी उडत नाही. जाऊबाई एकदा बचत गटाच्या बायकांबरोबर चिखलदऱ्याला गेल्या होत्या. इतर बायकांनी तिथून शाली आणल्या, यांनी पाच रोपं आणली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात. पाचही त्या उन्हाळ्यात मेली. पण मरण्याआधी एकाला दोन-तीन फळं आली होती, आणि त्यातलं एक पिकून माठाच्या तिवईखाली पडलं होतं. पावसाळ्यात तिथे, विटेच्या फटीत, तीन पानांचं एक रोप उगवलेलं दिसलं. माठाचं पाणी ठिबकत होतं म्हणून उगवलं असेल. पुढच्या नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ दिवसांत, आमची तुळस करपली आणि ते रोप राहिलं.

नर्सरीत जी काही स्ट्रॉबेरी होती ती सगळी त्या एका रोपाची. फळ बोराएवढं, आंबट, आणि बाजारातल्यासारखं देखणं मुळीच नाही. गिऱ्हाईक त्याला गावठी स्ट्रॉबेरी म्हणायचं. पण घराच्या परसात, दोन टोपल्या माती आणि थोडी सावली एवढ्यावर, आपल्याकडच्या मे महिन्यात जिवंत राहायची. जाऊबाई म्हणायच्या, "हे इथंच जन्मलं. याचं माहेर बी इथंच अन् सासर बी इथंच. मंग मराले कुठं जाईन?"

कृषी खात्यातले एक साहेब एकदा म्हणाले होते, यात विशेष काही नाही, तुमच्या जाऊबाईंना झाड सांभाळता येतं इतकंच. असेल. दोन्हींत मला फार फरक दिसत नाही.

स्ट्रॉबेरीची रोपं बियांपासून करत नाहीत. पावसाळा लागला की जुनं झाड जमिनीवरून दोऱ्यासारख्या लांब तारा सोडतं. तारेच्या टोकाला लहान रोप धरतं, त्याला खालून पांढऱ्या मुळ्या फुटतात. ते टोक छाटून पिशवीत लावायचं. एका जुन्या झाडापासून आठ-दहा रोपं होतात. तारा छाटून झाल्या की जुन्या झाडांनाही ताजी माती द्यायची, म्हणजे ती पुढचं वर्ष काढतात. हे सगळं जाऊबाई एकट्या करायच्या, पाटावर बसून, पाच-सहा दिवस. मी लांबून बघितलेलं. लांबून बघितलं की कोणतंही काम सोपंच दिसतं.

यंदा जूनच्या मध्यावर त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात बारा दिवस होत्या. कारध्याच्या पुलावरून वैनगंगा ओलांडून मी रोज बसने जायचे, रोज यायचे. घरी आणलं तेव्हा तोंडातून एका वेळी एकच शब्द निघायचा, तोही ओढून काढल्यासारखा. त्यांची बाज मी सपरीत टाकली, म्हणजे पुढच्या पडवीत. तिथून नर्सरीची हिरवी जाळी दिसते, जाळीच्या आतलं दिसत नाही.

रोज सकाळी त्यांचा पहिला शब्द, "झाडं?"

"चांगली आहेत," मी म्हणायचे. तेव्हा ते खरं होतं. उन्हाळ्यातून चाळीस जुनी झाडं वाचली होती आणि जुलैत त्यांनी तारांचं नुसतं जाळं करून टाकलं होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गावातला रोवणा संपला. धानाचे परे, म्हणजे भाताची रोपं, चिखलाच्या बांधीत लावून झाले की निंदण सुरू होईपर्यंत बायांना चार-दोन दिवस रिकामे मिळतात. तेवढ्यात मजूर मिळाले तर मिळाले. मला एकटीने चारशे रोपं लावायला आठवडा लागला असता, आणि जाऊबाईंचं खाणं-पिणं, मालिश, कपडे होतेच. मी रोवण्याच्या टोळीतल्या तीन बाया सांगितल्या. चौथी मिळाली ती गावातली नव्हती. ती मोहाडीकडची, हातमागावर साड्या विणणाऱ्या घरातली. त्यांच्याकडचा माग बंद पडला म्हणून बहिणीकडे राहायला आलेली. चाळीस-पंचेचाळीसची असेल. गावात सगळ्या तिला मागवाली म्हणायच्या.

त्या दिवशी सकाळी बारीक पाऊस होता. मी निघाले तेव्हा जाऊबाईंनी डावा हात उचलला.

"मले... ने."

"कुठं?"

"तिथं."

खुर्चीत बसवून न्यायला दोन माणसं लागतात. दारात चार बाया उभ्या होत्या. पण उचलायचं, नीट बसवायचं, छत्री धरायची, मधेच लघवीला न्यायचं, यात तास जाणार, आणि बाया दोनच दिवसांच्या. "पाणी पडून राहिलं बाई," मी म्हटलं. "उद्या नेतो." त्यांनी हात खाली ठेवला. मी चप्पल घातली आणि गेले.

टोळीची म्होरकी साठीची, काटक, तोंडाने फटकळ. तिने एक रोप उचलून वास घेतला.

"काकू, हे खातेत का घालतेत?"

"खातात. पण अजून चार महिन्यांनी."

"चार महिन्यांत तं आमचं धान कापून, कांडून, खाऊन बी होते. सांगा, कसं लावाचं?"

आणि मी सांगितलं. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण नंतर ते मी पुष्कळदा आठवले. मी म्हटलं, "रोवण्यासारखंच. अंगठ्याने खाली दाबायचं, वरून ओढलं तर निघालं नाही पाहिजे."

"एवढंच ना? मंग दोन दिवस कायले, दुपारच्या जेवणापर्यंत हात धुतो आमी."

ज्याने रोवणा केला आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. परा चिमटीत धरायचा आणि अंगठ्याने चिखलात ढकलायचा. अंगठा आत गेला पाहिजे. वर राहिलेला परा पाण्यावर तरंगतो, आणि बांधीचा मालक सगळ्यांदेखत तो उचलून बाईच्या हातात देतो. मीही लहानपणापासून आईबरोबर रोवणा केला आहे. तरंगलेल्या पऱ्याची लाज माझ्याही अंगठ्यात आहे. त्या तिघींचे हात मी बघत राहिले तेव्हा मला बरं वाटलं, हे कबूल करते. जून महिन्यानंतर काहीतरी वेगाने आणि नीट होताना पहिल्यांदाच बघत होते.

मागवालीचं मात्र चालत नव्हतं. ती पिशवीत बोटाने छोटा खळगा करायची, रोप त्यात ठेवायची, मुळ्या पसरायची, वरून चिमूटभर माती टाकायची. तिघींच्या चार पिशव्या व्हायच्या तेव्हा हिची एक.

म्होरकी म्हणाली, "अवं मागवाले, तू झाड लावून राहिली का लेकरू झोपवून राहिली?"

"झोपवूनच राहिली. तुमच्यासारखं गाडता नाई येत मले."

"माय वं! आमी गाडून राहिलो म्हणते. काकू, ऐका, चारशे मुडदे गाडले म्हणते आमी."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

थोड्या वेळाने मी मागवालीच्या क्रेटपाशी गेले. एका क्रेटमध्ये वीस पिशव्या. एक रोप दोन बोटांनी धरून वर ओढलं. सहज निघून आलं.

"हे काय?" मी म्हटलं.

"धरीन ना थे आपोआप," ती म्हणाली. "मुळ्या आहेत त्याले."

"पावसाच्या एका सरीत उताणं पडेल. दाब नीट."

तिने दाबलं, पण तिचं दाबणं म्हणजे पिठावर बोट ठेवल्यासारखं. मी तिला बाजूला सारलं, खाली बसले आणि तिचे दोन क्रेट स्वतः दाबून काढले. एकेक रोप, अंगठ्याने, पार पानाच्या देठापर्यंत. तिसऱ्याला हात घालणार तेवढ्यात फाटकावर गाडी थांबली. नागझिऱ्याहून परतणारे लोक, त्यांना आंब्याची कलमं हवी होती. मी उठले. म्होरकीने तो तिसरा क्रेट उचलून "हे तं वाऱ्यानं बी पडन" म्हणत पत्र्याखाली, माझ्या दाबलेल्या दोन क्रेटांच्या बाजूला सरकवला. मागवालीला तिने पिशव्यांत माती भरायला बसवलं. मी त्या क्रेटचं विसरले.

जेवणानंतर तिघींनी चाळीस जुन्या झाडांची मातीही बदलली. त्याच हातांनी, तशीच. तीन वाजता सगळं संपलं. चारशे पिशव्या ओळीत, समोर दिसत होती ती सगळी रोपं एका उंचीवर ताठ उभी, एकही हलत नाही. तिघींना मी दुसऱ्या दिवशी कलमांतलं तण काढायला बोलावलं. मागवालीला सांगितलं, "तू उद्या येऊ नको." तिने पदराला हात पुसले आणि गेली.

संध्याकाळी जाऊबाईंना सांगितलं, "झालं बाई, एका दिवसात. सगळी उभी आहेत." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "ए...का?" म्हणाल्या. एका दिवसात, असं त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, हो. मला त्यात शाबासकी दिसली होती.

पाऊस दहा दिवस थांबला नाही. चौथ्या दिवशी कडेची पानं लाल पडली. मला वाटलं, नव्या मातीत असं होतंच. सहाव्या दिवशी मधली कोवळी पानं काळी झाली. मी बुरशीचं औषध फवारलं. आठव्या दिवशी एक पान धरून ओढलं तर ते देठासकट हातात आलं, बुडाशी पाणी सुटलेलं. नवव्या दिवसापासून वास.

"झाडं?" जाऊबाई रोज विचारत होत्या.

"आहेत. पाणी थोडं जास्त झालं."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. खोटं बोलायला मला जड गेलं नाही, हे सांगायला हवं. त्यांना औषध द्यायचं, भात भरवायचा, अंग पुसायचं, त्यातलंच ते एक काम झालं होतं.

तर २६ तारीख. दुपारपर्यंत तीनशेच्या वर पिशव्या रिकाम्या झाल्या. जुनी चाळीस झाडं मी आधी संपवली होती, कारण ती बघवत नव्हती. मग पत्र्याखालच्या तीन क्रेटांकडे वळले. पहिले दोन, मी स्वतः दाबलेले, पूर्ण गेलेले. तिसरा ओढला तर त्यात हिरवं दिसलं.

सगळा क्रेट नाही. वीसपैकी नऊ. बाकीची पिवळी पडून वाळली होती, पण सडलेलं त्यात एकही नव्हतं. त्या नवांमध्ये नवं, घडी न उलगडलेलं पान वर येत होतं.

मी तिथेच पाट घेऊन बसले. एक जिवंत पिशवी डाव्या हाताला घेतली, बाजूच्या क्रेटातली एक मेलेली उजव्या हाताला. तोच पत्रा, तीच पावसाची ओल, तीच माती, तेच औषध. मेलेल्याची माती बोटाने उकरत गेले. स्ट्रॉबेरीची सगळी पानं खाली एका गाठीतून निघतात, आणि नवा कोंब त्याच गाठीच्या मधोमध येतो. ती गाठ मला सापडली ती मातीत दोन पेरं खाली. जिवंत रोपाची गाठ मातीच्या वर होती, उघडी, कोरडी. मागवालीने ती झाकलीच नव्हती.

धानाचा कोंब चिखलातून वर येतो. याचा येत नाही. एवढीच गोष्ट. जाऊबाईंना ती माहीत होती, त्यांच्या हातांना तरी नक्कीच. आणि त्या दिवशी त्यांनी "मले ने" म्हटलं होतं.

मी मेलेलं रोप घेऊन सपरीत गेले. हात धुतले नाहीत. बाजेवर बसले आणि ते त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी वास घेतला नाही. त्याची गरज नव्हती, तो वास सपरीपर्यंत किती दिवस येत असणार ते मला तेव्हा कळलं. त्यांनी अंगठा गाठीवर ठेवला आणि देठावर माती कुठपर्यंत चिकटली आहे ते वर सरकत सरकत मोजलं.

"रो... वलं?"

"हो."

"कोन?"

"बायांनी. पण सांगितलं मी."

"काहून?"

"मले माहीत नव्हतं, बाई."

त्यांचं तोंड उजवीकडे ओघळलेलं, त्यामुळे राग आहे की रडू आहे हे ओळखता येत नाही. बराच वेळ शब्द जुळवत राहिल्या. मग म्हणाल्या, "इचारलं... नाई."

"नाही विचारलं."

"किती?"

"नऊ आहेत," मी म्हटलं. तेही लपवायचं माझ्या मनात क्षणभर आलं होतं. मोठा आकडा सांगावा, शंभर म्हणावं. पण त्यांनी उद्या बघायचं म्हटलं असतं तर? नऊच सांगितले. त्यांनी रोप बाजेखाली टाकलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. दुपारचा भात खाल्ला नाही. मी पुन्हा भरवायला गेले नाही, ताट झाकून ठेवलं.

पाच वाजता मी गावात गेले. मागवालीच्या बहिणीचं घर पार टोकाच्या गल्लीत. ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून सूप खाली ठेवलं नाही.

"या. बसा."

मी ओट्यावर बसले. "उद्या येतेस का?"

"कायले? तुमची झाडं तं मेली म्हणतेत."

"तुझी नऊ जगली."

"माही?" ती पहिल्यांदा हसली. "कशी का? मी तं नुसती ठेवली होती. मले दाबता येतच नाई."

"म्हणूनच जगली."

तिने सुपातला एक खडा उचलून लांब फेकला. "मंग मले काहून हाकललं?"

"चुकलं माझं."

"एकटीचं नाई. थ्या तिघी बी किती हसल्या." मग आवाज खाली आणून, "मले वाटे, खरंच आपल्याले काही जमत नाई. घरी येऊन बहिणीले बी तेच म्हटलं मी."

मी म्हटलं, "उद्या ये. नवातून पुढच्या वर्षी किती होतील ते होतील. पण लावायला तूच हवीस. जाऊबाई सांगतील, तू लाव."

"उद्या नाई जमत जी. सकाळीच मी मोहाडीले चालली. पोरानं माग काढून विकला. लाकडाच्या भावात गेला. खोली खाली कराची आहे, धागा आहे, फण्या आहेत, थ्या कोणाले द्याच्या ते पाहाचं. मंग तिकडंच राहीन." सूप झटकलं. "पुढच्या वर्षाचं कोण सांगावं?"

मी उठले. फाटकापर्यंत गेले तेव्हा तिने मागून हाक मारली.

"काकू, थे जगलेले... त्याईले आता दाबजा नको."

येताना म्होरकीच्या दारावरून आले. ती चुलीपाशी होती. तिला झालेलं सांगितलं. ती आधी भडकली, तुम्हीच तसं सांगितलं म्हणाली, आणि ते खरंच होतं. मग आपला अंगठा चुलीच्या उजेडात धरून बघत म्हणाली, "पन्नास वर्षं झाली याले. आजवर एक परा नाई मेला माह्या हातचा."

"सकाळी सहाला ये," मी म्हटलं. "लावायचं नाही काही. खुर्ची उचलायची आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस नव्हता, आभाळ होतं. म्होरकी वेळेवर आली. जाऊबाईंना मी आधी काही सांगितलं नव्हतं, नाही म्हणतील म्हणून. लुगडं नीट केलं, केस विंचरले. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, कमरेला ओढणी बांधली. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने म्होरकी. वाटेत चिखल होता, दोनदा खुर्ची टेकवावी लागली. उचलून पत्र्याखाली न्यायला तास नाही, सात मिनिटं लागली.

जाऊबाईंनी आधी रिकाम्या पिशव्यांचा ढीग बघितला. मग मातीचा. मग खड्डा. म्होरकी दूर जाऊन उभी राहिली, पदर तोंडावर धरून. मी नऊ पिशव्या पाटावर ओळीने मांडल्या आणि एकेक त्यांच्या मांडीवर ठेवत गेले. त्या डाव्या हाताच्या बोटाने पानं बाजूला सारायच्या, गाठीवर नख टेकवायच्या, मग मान हलवायच्या. चौथ्या पिशवीला मान आडवी हलली. मला ते रोप इतरांसारखंच दिसत होतं. मी काही विचारणार होते, मग गाठ दाबून बघितली. आतून मऊ. खड्ड्यात टाकलं. सहावंही. आठवंही.

सहा उरली.

मी ती उचलून घराकडे निघाले. माठाच्या तिवईखाली ठेवावीत, पहिलं रोप तिथेच जगलं होतं, असं माझ्या मनात आलं. दोन पावलं गेल्यावर थांबले आणि मागे वळून विचारलं, "बाई, माठाखाली ठेवू का?"

"नाई," त्या म्हणाल्या. "पानी... नको."

"मग कुठं?"

त्यांनी हाताने दाखवलं. सपरीच्या कडेला, पावळीच्या आत, जिथे पाऊस उडत नाही. मी दोन विटा मांडल्या, वर फळी टाकली, फळीवर सहा पिशव्या. दोन पिशव्यांत माती थोडी वर चढली होती ती माचीसच्या काडीने खाली केली. नंतर म्होरकीला हाक मारली आणि आम्ही खुर्ची परत आणली. जाऊबाईंना बाजेवर निजवलं, तोंड फळीच्या बाजूला येईल असं. चहा दिला, अर्धा घेतला.

मग मी टाकी भरायला लावली आणि रिकाम्या पिशव्या पुढच्या लावणीसाठी धुवायला बसले.